जोडीशिवाय अंक नाही

रशीदभाई अत्तार बातमी नेहमी अर्धीच वाचत. कॉलेजच्या दारातल्या कडुनिंबाखाली मोटारसायकल लावायची, डिकीतून साप्ताहिकाचा ताजा अंक काढायचा आणि नाटकातल्या राजासारखा आवाज लावायचा, "आन् मंत्री खोलीत शिरले, तर म्होरं खुर्चीत कोण बसलं व्हतं..." इथे अंक फटकन मिटायचा. "फुडलं वर्गणीदारांसाठी!"

आम्ही पोरं बोंबलायचो. ते शांतपणे गॉगल पुसायचे.

पौडला त्यांचं कटलरीचं दुकान. बांगड्या, कंगवे, रिबिनी. पण जीव सगळा या साप्ताहिकाच्या एजन्सीत. विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना अंक निम्म्या किमतीत मिळे. मात्र रशीदभाईंनी सांगितलेला नियम विचित्र होता: सवलत जोडीलाच. एक प्राध्यापक, एक विद्यार्थी. त्यातल्या एकाने कॉलेज सोडलं, की दुसऱ्याचीही सवलत बंद.

"हा कसला नियम?" स्टाफरूम खवळली.

"कंपनीचा हाय सर, म्या काय करू? पर खोटं न्हाई त्यात. वाचायला एकटा माणूस पुरतो. वाचलेलं पचवायला भांडणारा लागतो."

जोड्याही तेच जुळवत, स्थळं बघणाऱ्याच्या थाटात. माझी गाठ त्यांनी करंदीकर सरांशी मारली. सर अर्थशास्त्र शिकवायला पुण्याहून एसटीने येत आणि चिकटपणासाठी तालुक्यात प्रसिद्ध होते. साखरेचा चहा स्टाफरूममध्ये पीत, घरी बिनसाखरेचा. मी कोळवणचा. तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडे, मागच्या बाकावर हशा पिके, म्हणून मी तोंडच उघडत नसे.

"सर, ह्यो गप दिसतोय," रशीदभाईंनी माझी शिफारस केली, "पर आतून लई भांडकुदळ हाय."

पहिले काही महिने आमचा संसार मुका चालला. "वाचलंस?" "व्हय." "पटलं?" "व्हय." सर कपाळाला हात लावत. मग एका अंकात आमच्या खोऱ्यातल्या फार्महाउसवर लेख आला. शहरातली माणसं जमिनी घेताहेत आणि गावकरी खुशीत आहेत, असं लेखकमहाशय म्हणत होते. माझा ताबा सुटला. "खोटं हाय सर! ह्यो माणूस कोळवणला आलेलाच न्हाई!"

सरांनी चष्मा काढला. "बैस. सिद्ध कर."

त्या दिवसापासून आम्ही कडाकडा भांडायला लागलो. इतके, की पाणी द्यायला येणारा शिपाई दारात थबकून ऐके. माझ्या 'हाय-न्हाई'ला सर एकदाही हसले नाहीत. मुद्दा लंगडा असला, तर मात्र सोलून काढत.

शेवटच्या वर्षाला चुलत्यांच्या जीपचा ड्रायव्हर पळाला. घरात ठरलं: शिक्षण बास, पोराने जीप धरायची. मी कोणाला न सांगता कॉलेज सोडलं आणि स्टिअरिंगवर बसलो. "कोळवण, कोळवण!" चुलते मागे लटकून ओरडत होते. कॉलेजच्या दारासमोरच जीप भरली, एवढ्यात पुढच्या सीटवर एक इस्त्रीचा सदरा येऊन बसला.

"सर, ही पुण्याला जात न्हाई."

"ठाऊक आहे. मी उतरणार नाही." सरांचा आवाज कापत होता. "रशीद म्हणाला, जोडी फुटली. माझा अंक बंद पडतोय! मी पूर्ण किंमत भरायची का तुझ्यापायी?"

मागून भाताचं पोतं मांडीवर घेतलेली एक म्हातारी करवादली, "आरं, जा की मास्तराबरूबर! रडकुंडीला आलंय बिचारं. आमाला उशीर व्हतोय."

सर उतरेनात, जीप सुटेना, उतारू चुलत्यांना शिव्या घालू लागले. शेवटी चुलत्यांनी हात जोडले. "सकाळी कालेज, दुपारून जीप. झालं समाधान? आता उतरा म्हाराज!" कडुनिंबाखालून हा प्रयोग बघणारे रशीदभाई गॉगल पुसत होते.

मी पदवी घेतली, पुढे शिकलो, प्राध्यापक झालो. त्याच साप्ताहिकाची वर्गणी भरायला मी कंपनीत फोन केला आणि ऐटीत म्हणालो, "माझ्या जोडीदार विद्यार्थ्याचं नाव लिहून घ्या."

"जोडीदार?" पलीकडच्या बाई गोंधळल्या. "असा नियम कधीच नव्हता, सर."

मी तडक पौडला गेलो. रशीदभाई एका नव्या नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होते. मी फोनची हकिकत सांगितली. ते खळखळून हसले.

"लई उशिरा कळलं तुला. करंदीकर सरांना पैल्याच वर्षी कळलं व्हतं. तेनी बी फोन लावला व्हता."

"पहिल्याच वर्षी? मग जीपमध्ये ते..."

"तू गेलायस एवढंच म्या सांगितलं. बाकीचं नाटक तेंचं." त्यांनी नवरीचा दुसरा हात हातात घेतला. "पोरी, मूठ सैल सोड."

आज सर नाहीत. रशीदभाईही गेल्या वर्षी गेले. कबरीवर माती लोटताना मला सारखं वाटत होतं, आता हे उठून म्हणतील, फुडलं वर्गणीदारांसाठी.

अंक आता फोनवर येतो. विद्यार्थ्यांना सवलत अजून आहे, प्राध्यापकांनाही. मी दरवर्षी वर्गात अत्यंत गंभीर चेहऱ्याने जोडीचा नियम सांगतो. यंदाची माझी जोडीदार नांदे गावची, आतून लई भांडकुदळ. मागच्या पंधरवड्यात ती यायची बंद झाली. मैत्रिणी म्हणाल्या, घरचे नको म्हणतायत.

काल तिच्या दारात उभा राहिलो. वडील बाहेर आले. मी खिशातून फोन काढला, आवाजाला नीट कंप दिला आणि म्हणालो, "दादा, तुमच्या पोरीपायी माझा अंक बंद पडतोय!"