कंसातलं शून्य

तपासणी केंद्रात सगळे त्याला ‘बिघाड’ म्हणत. तो दारात दिसला की काहीतरी बंद पडलेलं असणार, एवढं लोकांना ठाऊक. नंतर ते सुरू होतं, याचं श्रेय देण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. त्यालाही त्याचं काही नव्हतं. अकरा वर्षं सर्व्हर सांभाळून माणूस तसाही निर्ढावतो.

काम सरळ होतं. पेशंटचा रिपोर्ट पीडीएफमध्ये तयार व्हायचा, सर्व्हर त्याची चित्रं करायचा आणि ती लोकांना घरबसल्या मोबाईलवर दिसायची. सोमवारी सर्व्हरवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली आणि चित्रं यायची बंद झाली. काउंटरवरच्या बाईंनी सकाळपासून चौदा जणांची बोलणी खाल्ली होती. त्यातली निम्मी त्यांनी इमानेइतबारे त्याच्याकडे पोचती केली.

तो तळघरातल्या खोलीत खुर्ची ओढून बसला. चाचणीला ओळखीचा रिपोर्ट बरा, म्हणून दादाचा घेतला. थोरल्या भावाच्या मानेतली गाठ गेल्या महिन्यात तपासायला दिली होती. वावगं काही निघालं नाही, असं वहिनींनी मोबाईलवर बघून सगळ्यांना कळवलं होतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं, ती भेट दादाने रद्द केली आणि तो कामावर रुजू झाला.

हाताने हुकूम टाइप केला की चित्रं बिनबोभाट तयार होत होती. वेबसाइटवरून मागितली की काहीच नाही. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. तो बसला की सर्व्हर त्याला मालक म्हणून वागवतो. वेबसाइटचं खातं वेगळं, आणि त्या बिचाऱ्याची फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्या आवृत्तीने काढून घेतली होती. त्याने ती परत दिली. चित्र आलं. बाईंना वर फोन करून झालं म्हणून सांगितलं.

मग त्याचं लक्ष गेलं. हाताने केलेली चित्रं तीन होती. वेबसाइटने केलेलं एकच.

त्याने प्रोग्राम उघडला. फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य होतं. मशीन पानं शून्यापासून मोजतं, म्हणजे पहिलं पान, आणि फक्त पहिलंच. चार वर्षांपूर्वी एका जाडजूड फाइलीने सर्व्हर गुदमरला, तेव्हा त्यानेच ते चाचणीपुरतं घातलं होतं. उद्या काढू म्हणाला आणि राहून गेलं. बहुतेक रिपोर्ट एका पानाचे, त्यामुळे कोणी हूं की चूं केलं नाही.

दादाच्या पहिल्या पानावर नाव, वय आणि रक्ताचे आकडे, सगळे मर्यादेत. दुसऱ्यावर गाठीचं वर्णन. तिसऱ्यावर ठळक अक्षरांत दोन ओळी. कर्करोग आहे, तातडीने डॉक्टरांना भेटा.

त्याने त्या तीनदा वाचल्या. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं, पण आत काही हलेचना. त्याने शून्य खोडलं, कंस खोडले, फाइल सेव्ह केली आणि वेबसाइटवर तीन पानं येतात ना, हे दोनदा तपासलं. त्यानंतर वहिनींना फोन लावला. त्या भांडी घासत होत्या. दादा कामावर गेलाय, डबाही नेलाय, म्हणाल्या.

“वहिनी, दादाच्या रिपोर्टाला तीन पानं आहेत. तुम्हाला एकच दिसलं. चूक माझी आहे. त्याला आजच डॉक्टरांकडे न्यायचंय. गाठ चांगली नाहीये.”

पलीकडे नळ बंद झाला. वहिनी रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. हळू आवाजात बोलल्या.

“भावोजी, त्यात गाठीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून तर मी तेव्हा तुम्हाला फोन केला होता. एवढंच असतं का, विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, बघितलंय, एवढंच आहे. बघितलं होतंत ना?”

“नाही,” तो म्हणाला. “न बघताच म्हणालो.”