फिनाईलचं विमान

पूर्ण किंमत देऊन वस्तू विकत घेणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर घाईत असतो, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे, आणि या मताखातर त्यांनी जेवढे कष्ट उपसले तेवढे उभ्या बुलडाणा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी उपसले नसतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मेहकरला राहतात. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले आहेत. मी चिखलीच्या शाळेत गणित शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि वयाने मोठे म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. अंगाने किडकिडीत, डोक्यावर केस नावाला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. हे भिंग दृष्टी अधू झाली म्हणून आलेलं नाही. ते कुठल्याही जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं ना, 'अटी व शर्ती लागू', त्या अटी वाचण्यासाठी आणलेलं आहे. बाकीची जाहिरात भाऊ वाचतच नाहीत. "वरचं समदं कविता राह्यते मास्तर," ते म्हणतात, "खरं गद्य खाली राह्यते."

चिखलीत मॉल निघाला तेव्हा भाऊंच्या निवृत्तीला अर्थ आला. मॉल म्हणजे आमच्याकडे खाली किराणा, वर कपडे आणि दोन्हीकडे गारवा. पण तिथे एक योजना होती. खरेदी करा, मोबाईल नंबर सांगा, पॉइंट जमवा, बुधवारी दुप्पट. झालं. दर बुधवारी सकाळच्या एसटीने अर्ध्या तिकिटावर भाऊ मेहकरहून चिखलीला येऊ लागले आणि जाताना दोन पिशव्यांसह आमच्या घरी टेकू लागले. जी वस्तू लागते ती घ्यायची, हा आपला अडाणी हिशोब. भाऊ ज्या वस्तूवर जास्त पॉइंट असत ती घेत. एका महिन्यात फिनाईलवर जादा पॉइंट होते, तर त्यांनी इतकं फिनाईल नेलं की पुढे वर्षभर त्यांच्या घरात पाऊल टाकलं की आपण कुणाला तरी भेटायला दवाखान्यात आलोत असं वाटे आणि पाहुणे आपोआप हळू आवाजात बोलत. ओट्सवर पॉइंट निघाले तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, ते ठेच्याबरोबर, पिठल्याबरोबर आणि शेवटी शेजारच्या म्हशीबरोबर जुळवून पाहिले. म्हशीनेही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. भाऊंनी केस वाढवणारा शांपूही घेतला होता. त्यांना विचारलं, "भाऊ, हा कशाला?" तर डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "आले तं आले. पॉइंट तं आलेच."

पुढे पुढे स्वतःच्या खरेदीने त्यांचं भागेना. मग त्यांनी आपला मोबाईल नंबर नातलगांत वाटला. आम्ही साबणाची वडी घेतली तरी काउंटरवर भाऊंचाच नंबर सांगायचा, असा घरात नियम झाला. माझ्या शाळेतले निम्मे शिक्षक त्यांचा नंबर सांगू लागले, त्यांतल्या दोघांनी तर भाऊंना कधी पाहिलेलंही नव्हतं. एका पुतणीच्या लग्नाचा सगळा किराणा याच नंबरावर आला आणि त्या लग्नात वधूपित्यापेक्षा भाऊच जास्त हळवे दिसत होते. काही बुधवारी ते स्वतः काउंटरपाशी उभे राहत आणि अनोळखी माणसालाही अदबीने विचारत, "दादा, तुमचा नंबर नसन तं माह्या सांगता काय?" काउंटरवरच्या मुलीला तो नंबर इतका पाठ झाला की समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत ती तो दाबून मोकळी होई. मॅनेजर मात्र त्यांना पाहिलं की गोदामात जात असे, कारण भाऊ अटींचा कागद प्लास्टिकमध्ये घालून आणत आणि कलमवार शंका विचारत.

हे सगळं कशासाठी, ते आम्हाला बराच काळ माहीत नव्हतं. जमलेल्या पॉइंटांवर कुकर मिळत होता, चादरी मिळत होत्या, आणि एका निश्चित आकड्याला प्रवासाचं व्हाउचर मिळत होतं. ते कुणी घेत नसे. सगळी चिखली चादरी घेऊन गेली. भाऊ एकटे थांबून राहिले. एकदा माझ्या बायकोने छेडलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जरा लाजत सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्यांना दोनच दिवसांची रजा होती. नव्या नवरीला फिरवायला म्हणून ते सकाळच्या एसटीने लोणारला घेऊन गेले, सरोवर दाखवलं आणि संध्याकाळच्या एसटीने परत आणलं. येताना ताईंना म्हणाले होते, "पुढच्या वर्सी लांब जाऊ. समुद्राले." त्याला चौतीस वर्षं झाली होती. "ती काही म्हनत नाही," भाऊ म्हणाले, "पन म्हनत नाही हेच तं आहे न."

योजना सुरू झाल्यापासून दोन वर्षांनी आकडा पुरा झाला. व्हाउचरं हातात घेऊन भाऊ आमच्याकडे आले, आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडून बसलो. नागपूरहून गोव्याला विमानाने जायचं, दोघांनी. पण भिंगातून न दिसलेलं गद्य आता पडद्यावर उमटायला लागलं. ही व्हाउचरं त्या योजनेच्याच साइटवर चालणार होती. शनिवार, रविवार, सणवार वगळून. कर वेगळे रोखीने. एका बुकिंगला एकच प्रवासी. आणि मुदत महिनाअखेरपर्यंत. मी सगळं भरून पाहिलं तर व्हाउचरांत एकाच माणसाचं जाण्याचं तिकीट बसत होतं. माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी दुसऱ्या एका साइटवर तेच विमान पाहिलं. तिथे भाडं मुळातच कमी होतं. फरक काढला, तर दोन वर्षांच्या बुधवारांचा खरा फायदा दोन माणसांच्या चहा-समोश्याइतका निघाला.

सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. वर शहाणपणाने हेही म्हणालो, "भाऊ, ते फिनाईल नि ते ओट्स घेतले नसते ना, तर नुसत्या त्या पैशांत तुम्ही दोघं जाऊन आला असता."

मला वाटलं, आता हा माणूस मोडला. पण ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, हिशोब तुमचा बरोबर आहे. पन मले एक सांगा. ते पैसे उरले असते, तं त्याचं विमान झालं असतं काय? पोरीच्या घरी फ्रीज झाला असता. गच्चीवर पत्रं झाले असते. चौतीस वर्सं उरतच होते न पैसे? गेलो काय आम्ही गोव्याले?" मग व्हाउचरांवर बोट ठेवून म्हणाले, "याचा फ्रीज होत नाही. याचं फक्त जानंच होते."

मी दुसऱ्या तिकिटाचे पैसे घालतो म्हणालो, तर भाऊ उखडले. "दुसऱ्याच्या पैशानं बायकोले फिरवू काय? आन् माह्या पैशानं रोखीत बसलो, तं दोन वर्सं मी काय फिनाईल पेलो काय?" अखेर निर्णय झाला तो असा: विमानाने ताई जातील. भाऊ दोन दिवस आधी ट्रॅव्हल्सने निघतील, पुण्याला गाडी बदलतील, आणि विमान उतरायच्या आत गोव्याच्या विमानतळाच्या दाराशी उभे असतील.

आता अडचण ताईंची होती. एकटीने मेहकर ते चिखली, यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. "मले नाही जमत बाई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तिथं दार कोनतं, बसाचं कुठी, मले काय समजते? त्याईलेच जाऊ द्या विमानानं." भाऊंनी हे ऐकून घेतलं आणि कागदावर विमानतळाचा नकाशा काढून दिला. स्वतः त्यांनी तो कधी पाहिलेला नव्हता, पण सात-बाऱ्याच्या नकाशासारखा चतुःसीमेसह काढला. आणि रविवारी संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि भिंग घेऊन ते बसमध्ये बसले.

मंगळवारी मी आणि बायको ताईंना नागपूरला घेऊन गेलो. आम्हाला काचेच्या दाराच्या आत सोडत नव्हते. नवी साडी, हातात डबा, काखेत पिशवी अशा ताई तिथे थांबल्या. बायकोचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की मला वाटलं आता ही बाई परत गाडीत बसणार. पण मागच्या माणसाने "चला मावशी" म्हटलं, आणि त्या गेल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत आल्या असत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं.

भाऊंचे फोन रविवारपासून प्रत्येक ढाब्यावरून येत होते. "तिले सांगा, आत पानी इकत घेऊ नोको." "तिले सांगा, पट्टा लावता नाही आला तं इचारून घे." पण मंगळवारी सकाळपासून फोन बंद झाला होता. ताईंचं विमान उडालं आणि आम्ही नागपूरहून परत निघालो, तरी लागेना. दुपारी वाटेत आम्ही जेवायला थांबलो असताना फोन वाजला, तो ताईंचा.

"मी उतरली," त्या म्हणाल्या. "पन हे दिसून नाही राह्यले."

परक्या गावात, परक्या भाषेत ही बाई एकटी. मी म्हणालो, "ताई, तुम्ही तिथून हलू नका. मी काहीतरी करतो." काय करणार होतो देव जाणे. पण ताईंचा आवाज मला वेगळाच लागला. "काऊन घाबरता?" त्या म्हणाल्या. "येतीनच ते. मी बाकड्यावर बसली आहे. इथं एक बाई भेटली, तिले दशमी देऊन राह्यली."

नंतर कळलं ते असं. भाऊंची बस पहाटे घाटात बंद पडली. चार तास ती हलली नाही. फोनची बॅटरी संपली. शेवटी भाऊंनी हात दाखवत दाखवत नारळाचा एक टेम्पो थांबवला आणि मागे नारळांवर बसून घाट उतरले. विमानतळावर पोचले ते विमान उतरल्यावर सव्वा तासाने. केस होते तेवढे उभे, शर्टाला काथ्या चिकटलेला, एक चप्पल टेम्पोतच राहिलेली. धावत दाराशी आले तर ताई बाकड्यावर बसून त्या नव्या मैत्रिणीला मेहकरचं माहेर-सासर सांगत होत्या. भाऊंना पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आले काय? चला. समुद्र मी वरूनच पाहून घेतला. तुमाले दाखवतो."

पुढचे तीन दिवस त्यांनी भाऊंना गोवा दाखवला. बस कुठली, विचारायचं कुणाला, सगळं ताईच बघत होत्या, आणि भाऊ नव्या चपला घालून मागे मागे. येताना दोघं ट्रॅव्हल्सनेच आले. मेहकरात ताईंना भेटायला गल्लीतल्या बायका आल्या आणि त्यांनी विमानाचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. भाऊ कोपऱ्यात बसून, पहिल्यांदाच ऐकतो आहोत अशा चेहऱ्याने ऐकत होते.

ती योजना पुढे बंद झाली. भाऊ आता चिखलीला क्वचित येतात. ताई मात्र फिरू लागल्या. मुलगी हैदराबादला असते, ती आईला वर्षातून एकदा विमानाचं तिकीट पाठवते. यंदा तिने दोघांचंही पाठवलं, शेजारशेजारच्या जागा. भाऊंनी आपलं रद्द करायला लावलं. त्यातला एक रुपयाही परत मिळणार नव्हता, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असू द्या." आणि ताईंच्या एक दिवस आधी अकोल्याहून रेल्वेने गेले.

जाताना स्टेशनवर मी विचारलं, "भाऊ, एकदा तरी बसायचं होतं. तिकीट तर आलंच होतं."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी ती बाहेर आली तवा दाराशी मी नव्हतो. ती काही म्हनत नाही. पन तिनं मानसं पाह्यले असतीन न, इकडं तिकडं. एक एक तोंड पाह्यलं असन." गाडीची घोषणा झाली, त्यांनी पिशवी उचलली. "दोघंही विमानात बसलो, तं घ्यायले कोन उभं राहीन?"

दुसऱ्या दिवशी ताईंना नागपूरला सोडून मी काचेच्या दाराबाहेर उभा होतो, तोच भाऊंचा फोन आला. हैदराबादच्या विमानतळावरून. मागे गाड्यांचा, माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मी पोचलो," भाऊ म्हणाले. "दाराशीच आहे. निघालं काय तिचं विमान?"

"भाऊ, अजून दोन तास आहेत निघायला. कुठे तरी बसा, चहा घ्या."

"असू द्या," ते म्हणाले. "मी आहे इथंच."