मामांनी लिहिलेली, मी पुसलेली

महिना झाला. मी चंदगडला शाळेत होतो. सकाळीच मंगळवार पेठेतून मामांच्या शेजारच्या तानाजीरावांचा फोन आला. "गुरुजी, मामांनी आज दुःखाची म्हण लिवलीया." मी विचारलं, "कोण गेलं?" "अजून कोण न्हाय..." दुपारी पुन्हा फोन आला. मामाच गेले होते.

आमचे दत्तूमामा, आईचे धाकटे भाऊ, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत. हात थरथरायला लागल्यावर रोज सकाळी अंघोळ करून तालमीजवळच्या फळ्यावर खडूनं एक म्हण लिहू लागले. कधी रागाची, कधी शहाणपणानं जगण्याची. दुःखाची मात्र क्वचित. ती लिहिली त्या दिवशी गिरणीवाले गेले. पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या आक्का. तिसऱ्या वेळेपासून गल्लीतल्या बायका फळ्याकडं न बघता पाण्याला जाऊ लागल्या. मी एकदा विचारलं, तर मामाच घाबरल्यासारखे झाले. "मला काय ठावं? उठलो की बोटात येतंय, त्येच लिवतोय."

मला त्या फळ्याची भीती वाटायची, आणि रागही होता. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा पावसानं घाट बंद होता. माझी एसटी अडकली. धाकट्या भावानं, संपतनं, माझी वाट पाहिली नाही. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंडही दिसलं नाही. त्या दिवसापासून मी संपतशी बोललो नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं त्या सकाळी फळ्यावर रागाची म्हण होती, रागात केलेलं माणसाला जन्मभर कसं रडवतं, अशा अर्थाची. माझं डोकंच फिरलं. "माझ्यावर लिवलीसा व्हय?" मामा एवढंच म्हणाले, "ज्याला लागंल त्याची." मी सगळ्या गल्लीदेखत तळहातानं ती पुसून टाकली. मामा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या संपतकडं बघत राहिले.

मामांची शेवटची म्हण पुसायला कुणी धजेना. बाराव्याला तालमीतली माणसं म्हणाली, घरच्यांनीच पुसावी. मी ओलं फडकं घेतलं, संपत बादली धरून उभा राहिला. बोलणं नव्हतंच. फळा वाळायला लागला आणि खालून अक्षरं वर आली. मामांचा तो लांब काना, ती रागाची म्हण... मधोमध माझ्या पंजाचा फराटा. त्यानंतर तिथं रोज नवं लिहिलं-पुसलं गेलं होतं. ती कशी राहिली, मला सांगता येत नाही.

संपत माझ्याकडं न बघताच बोलला. "दादा, ही मी लिवून घेतलीती. आईच्या टायमाला तू येईनास म्हणून राग आला, मी उचलाय सांगितलं. चुकलं माझं. तोंडानं सांगायचं धाडस न्हवतं. मामांना शपथ घातलीती, माझं नाव सांगू नका म्हणून. तू वाचशील, समजशील वाटलं... तू तर पुसलीस. मला वाटलं, न्हाय म्हणालास."

भावाची माफी मी शिवी समजून पुसली होती. पाच वर्षं मामांना ते ठाऊक होतं, आणि दर सुट्टीत ते मला चहा पाजत होते, गप्प बसून. मला रडू आवरेना.

संपतनं खिशातून खडू काढून माझ्यापुढं धरला. "लिव कायतरी. मोकळा नको फळा." मला एकही म्हण आठवेना. मी त्याच्याकडं बघितलं. केस पांढरे झाले होते त्याचे, मला माहीतच नव्हतं.

"जेवलास काय?" एवढंच मला विचारता आलं.