कागद वर धरा

किनुएबाईनं बारा वर्षांत किती गोळे कापले, देव जाणे! काकेगावातल्या त्या हॅम्बर्ग नावाच्या पदार्थाच्या हॉटेलात तिचं काम एकच. मुठीएवढा खिम्याचा गोळा तापल्या बिडाच्या तव्यावर चरचरत टेबलाशी आणायचा, गिऱ्हाइकासमोर मधोमध कापायचा, दोन्ही अर्धे भाग दाबायचे आणि वरून कांद्याचा रस्सा ओतायचा. तेल उडतं, म्हणून आधी सांगायचं, "कागद वर धरा हं!" की माणसं ताटाखालचा कागद दोन्ही हातांनी तोंडासमोर धरतात.

असं हॉटेल या प्रांताबाहेर कुठेच नाही. परगावी गेलेली पोरं सुट्टीत आली की घरी जायच्या आधी इथे नंबर लावतात, दोन-दोन तास ताटकळतात. म्हणून तर ही बाई इथे चिकटली.

नवरा गेला तेव्हा मुलगा ताकेहारू नोकरीच्या गावाहून, दूरच्या सेंदाईहून, एक दिवस उशिरा पोचला. हिची जीभ म्हणजे काय विचारता! चारचौघांत म्हणाली, "राख बघायला आलास होय? या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस!" पोरगाही आईवरच गेलेला. नाहीच ओलांडला. नंतर हिनं पत्रं टाकली, ती पत्ता बदलला म्हणून परत आली. मग तिनं मनाशी धरलं, घराचा नाही तर या हॉटेलचा उंबरा तरी तो ओलांडेलच. लहानपणी वाढदिवसाला दुसरं काही मागायचा नाही.

ओबोनची सुट्टी होती. पितरसुद्धा घरी येतात या दिवसांत.

"अहो किनुएबाई, मनगट बघा केवढं सुजलंय," बरोबर वाढणारी मोचिझुकी म्हणाली. "उद्यापासून टेबलं सोडून आत भांडी घासायला जायचंच आहे. बसा की जरा!"

"उद्या जायचंय ना? मग आज मरू दे ते मनगट!"

खिडकीजवळच्या टेबलाशी नवरा, बायको आणि छोटी मुलगी होती. तव्याच्या वाफेत तिला तोंडं नीट दिसली नाहीत. "कागद वर धरा हं," ती म्हणाली. तिघांनी धरले. पुरुषाच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. सातव्या वाढदिवशी याच हॉटेलात तव्याला अंगठा लावला होता कार्ट्यानं. फुंकर तिनंच घातली होती.

तिनं नेहमीसारखा गोळा कापला, दाबला, रस्सा ओतला.

चरचर थांबली. बायकोनं कागद खाली ठेवला, मुलीनंही ठेवला. त्याचा वरच राहिला. त्यानं आवाज ओळखला होता. कागदाची कड हलत होती.

नाव तिच्या अगदी ओठांवर आलं. पण हाक मारली आणि तो उठून गेला तर? पुन्हा आपल्याच तोंडानं त्याला भरल्या ताटावरून उठवायचं? तिला फार भीती वाटली.

"तुम्ही असाच धरून ठेवा," ती म्हणाली. "अजून तेल उडतंय."

"कुठे उडतंय, आजी?" मुलगी हसली.

किनुएबाई गिऱ्हाइकासमोर वाकतात तशी वाकली, "सावकाश जेवा," म्हणाली आणि पुढच्या टेबलाचा तवा आणायला गेली.