अठरा फुटी गाडीची पुढची सीट

सोसायटीची सेक्रेटरी होणं म्हणजे विकतचं दुखणं. बँकेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच वार्षिक सभेत माझं नाव निघाल्याबरोबर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. नाही गेले. आमची इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. पुनर्विकासाला बिल्डर तयार होता, पण सोळाही सह्या हव्यात म्हणत होता. पंधरा बिऱ्हाडांच्या झाल्या होत्या, आणि सोळावी सही तळमजल्यावरच्या काकांच्या गाडीपायी अडली होती.

गाडी अमेरिकन. माझ्याहून वयाने मोठी. काकांनी तरुणपणी कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून घेतलेली. रंग कैरीच्या पन्ह्यासारखा, बंपर असा लखलखीत की त्यात बघून टिकली लावावी. काका ऐंशीचे झाले तरी रोज सकाळी फ्लॅनेलच्या फडक्याने ती पुसायचे आणि कुणी टेकलं तर नुसतं त्याच्याकडे बघायचे. तेवढं पुरायचं. लांबी अठरा फूट. नव्या इमारतीत गाड्या एकावर एक चढवायचं यांत्रिक पार्किंग होणार होतं आणि त्यात अठरा फूट बसत नव्हते. बिल्डर म्हणाला, गाडी विका. काका म्हणाले, बघू. पुण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते मी कुणाला सांगायला नको.

मीही काही कमी नाही. फळ्यावर सूचना लावली: ‘ज्यांचे वाहन इमारतीपेक्षा जुने आहे त्यांनी त्याची अन्यत्र सोय पाहावी.’ दुसऱ्या दिवशी खाली सुबक अक्षरात उत्तर होतं: ‘वाहन सुस्थितीत आहे. इमारतीची सोय पाहावी.’

मला हसू आलं, पण रागही आला. माझ्या सासूबाई चौथ्या मजल्यावर. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून दोन वर्षं त्यांचा पाय जमिनीला लागलेला नव्हता. दवाखान्यात न्यायचं तर चार जणांनी खुर्ची उचलायची, आणि त्या डोळे मिटून देवाचं नाव घेणार. एका माणसाच्या हौसेपायी त्यांनी किती दिवस असं राहायचं? हे मी काकांना तोंडावर कधी बोलले नाही, पण मनात मात्र रोज बोलत होते.

गिऱ्हाईकं यायची, नाही असं नाही. काका प्रत्येकात खोट काढायचे. एकाला गाडी हॉटेलात ठेवून तिच्यात लोकांना जेवायला बसवायचं होतं. एक आयटीतला मुलगा म्हणाला, “अंकल, व्हाइब एक नंबर आहे, पण एसी बसेल का?” काका म्हणाले, “काचा खाली होतात. प्रयत्न करून बघा.”

शेवटी मीच कंबर कसली आणि माझ्या ओळखीतून एक गिऱ्हाईक आणलं. विश्रांतवाडीच्या पुढचे एक शेतकरी. त्यांचं गाव शहरात आलं, तशी शेती सुटली आणि त्यांनी लग्नाला गाड्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला दांडगा माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चपला काढून उभा राहिला. “काका, काय राखलीय हो! लय देखणी हाय.”

काका जरा विरघळले. म्हणाले, “चक्कर मीच मारून आणणार. आणि ही पुढे बसणार.”

ही म्हणजे काकू. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मला वाटलं, आता काकूंना मध्ये आणून हे गिऱ्हाईकही घालवणार. मी कपाळाला हात लावला. पण काकांनी शांतपणे दार सताड उघडलं, काकूंची चाकाची खुर्ची लावली, त्यांना काखेत धरून उभं केलं, वळवलं आणि सीटवर अलगद सरकवलं. त्या गाडीची पुढची सीट सलग आहे, सोफ्यासारखी. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे मधे काही येत नाही. काका बसल्यावर काकू उजवीकडे कलल्या आणि त्यांचं डोकं काकांच्या खांद्यावर टेकलं. मी आणि ते गिऱ्हाईक मागे बसलो.

कालव्याच्या रस्त्याने निघालो. काका छान चालवत होते. पुढच्या वळणावर एक स्कूटरवाली कुठूनशी आडवी आली, काकांनी ब्रेक मारला, आणि पुढून खणखणीत आवाज आला.

“हळू!”

मी चमकले. काकू बोलल्या होत्या! अहो, दोन वर्षांत ज्या बाईच्या तोंडून ‘पाणी’ निघालं नव्हतं, ती नवऱ्यावर ओरडली होती. काकांनी मान किंचित हलवली. “हो हो. हळूच आहे.”

परत आल्यावर ते म्हणाले, “हा एकच शब्द उरलाय. तोही या गाडीतच. घरात व्यायाम करून घेणारी बाई दमली, डॉक्टर दमले. इथे बसली की बोलते. लग्न झाल्यापासून या सीटवरून मला हेच सांगत आलीय.”

गिऱ्हाईकाने चपला पायात सरकवल्या. “काका, मला नगं ही गाडी. असलं कुणाचं घेऊन आमचं भलं व्हायचं नाय.”

“घ्या,” काका म्हणाले. “वर चौथ्या मजल्यावर एक बाई अडकून पडलीय. रोज दुपारी खिडकीतून हिला हात करते. ही पण डावा हात वर करते. त्या बाईला खाली आणायचं तर माझी सही लागते.” मग माझ्याकडे वळले. “कागद आणलाय ना, सेक्रेटरीबाई? तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही.”

कागद माझ्या पिशवीत होता. मी तो काढला, आणि त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. काकांनी बॉनेटवर ठेवून सही केली. चार दिवसांनी गाडी गेली. काकू खुर्चीत बसून बघत होत्या. तोंडातून शब्द नाही.

पुढचा आठवडा मला अन्न गोड लागेना. रविवारी मी माझी छोटी गाडी काढली आणि दोघांना म्हटलं, चला खडकवासल्याला. काकूंना पुढे बसवलं, हँडब्रेकवर उशी ठेवली, पट्टा लावला. काका मागे. रस्ताभर मी काकूंकडे बघत होते. त्या खिडकीबाहेर. शेवटी मी एका स्पीड ब्रेकरवर गाडी मुद्दाम आपटली. काही नाही. दुसऱ्यावर आणखी जोरात आपटली.

“उगाच गाडीचे हाल करू नका,” मागून काका म्हणाले. “परक्या माणसाला ती कधी टोकायची नाही. त्या बाबतीत फार सभ्य.”

मी तशीच पुढे गेले. थोड्या वेळाने ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. मी गाडी कडेला घेतली.

“उतरा, काका. तुम्ही चालवा.”

“मला हे तुमचे खालचे गिअर जमत नाहीत.”

“उत्तम,” मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

मी मागे जाऊन बसले आणि दोन सीटच्या मधून हात घालून काकूंचा खांदा धरून ठेवला. काकांनी क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. गिअर करकरला. आरशात न बघताच त्यांनी गाडी रस्त्यावर घातली. मागून एक बस येत होती. तिने ब्रेक दाबला. माझ्या हाताखालचा खांदा ताठ झाला.

“हळू!” काकू ओरडल्या. “हळू! हळू!”

काकांनी गाडी होती तिथेच थांबवली, भर रस्त्यात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. “म्हणजे गाडी नव्हतीच,” ते म्हणाले. “मीच होतो.” काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

बस मागे हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. एरवी मी स्वतःच असा तमाशा करणाऱ्याची सालपटं काढली असती. मी डोळे पुसले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि बसवाल्याला ओरडून सांगितलं, “थांबा जरा! इथे नवरा-बायको बोलतायत!”