पाठवणी पाहायला बेंगळूरला

स्वतःच्याच लग्नाची पाठवणी पाहायला कुणी बेळगावहून बेंगळूरला जातं का? मी गेले. नागेशचा फोन आला म्हणून.

नागेश बेंगळूरचाच, कित्येक पिढ्यांपासून तिथे राहिलेल्या मराठी घरातला. आमच्याकडचा एक व्हिडिओवाला दुकान बंद करत होता. त्याच्याकडच्या लग्नांच्या मूळ कॅसेट नागेशने घेतल्या आणि त्यांतून एक प्रायोगिक चित्रपट जुळवला. विषय असा की, सिनेमाने आपल्या लग्नांना काय शिकवलं. "अक्का, शेवटचा प्रसंग तुमचा आहे. आधी बघा. नको म्हणालात तर काढतो," तो म्हणाला.

त्या प्रसंगात माझे बाबा आहेत, उपरण्याने डोळे पुसणारे. एरवी त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. ते गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या तिथीला आई तेवढाच भाग लावते. त्यावर व्हिडिओवाल्याने विरहाचं एक सिनेगीत चढवलंय. ते सुरू झालं की आम्ही दोघीही रडतो. फोनवर होकार देणं मला जमेना.

रात्रीच्या गाडीने निघाले. स्लीपरचं तिकीट परवडतं आणि झोपही बरी लागते. एक सूचना मात्र लिहून ठेवते: नकाशात जवळ दिसतं म्हणून मी बेळ्ळंदूरला खोली घेतली होती. चित्रपट बसवनगुडीत होता. तिथवर पोचायला लागलेल्या वेळात माझं एक पुस्तक वाचून होत आलं. तुम्ही मेट्रोजवळच राहा. मॅजेस्टिकहून हिरवी मेट्रो घेतली की नॅशनल कॉलेजला उतरून चालत जाता येतं. तिथे उभ्या उभ्या इडली-वडा आणि कॉफी घेतली. शंभराच्या आत पोट भरलं. कॉफीवाल्याला मी "साखर कमी" म्हटलं, तर तो म्हणाला, "सरी, स्वल्प!" म्हणजे बरं, थोडीच; आणि होती तेवढीच गोड कॉफी हातात दिली.

चित्रपट एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरं कापड, तीसेक माणसं. गोष्ट नाही, निवेदन नाही. एकामागून एक नवऱ्या मोटारीत बसायला निघतात, दारावर हात ठेवतात आणि मान वळवून मागे बघतात. सगळ्याच जणी. आधी लोक हसले. मग हसू विरलं, कारण त्या थांबेचनात. तेवढ्यात मीही आले. तोच हात, तशीच मान. ते मागे बघणं माझ्या मनातून आलं होतं, असं मी वीसेक वर्षं समजत होते.

आणि मग बाबा. मूळ कॅसेटवर गाणं नव्हतं. मोटारीचं इंजिन आणि मावशीचा "लाडवांचा डबा कुठाय गं?" एवढंच ऐकू येत होतं. मग व्हिडिओवाल्याचा आवाज आला: "काका, लाइट गेलती. इन्नोंद् सल." म्हणजे आणखी एकदा.

"अरे, आत्ताच रडलो की," बाबा म्हणाले. "परत कुठनं आणू?"

पडद्यावरचे सगळे हसले. नवरी, म्हणजे मीसुद्धा. मग बाबांनी उपरणं नीट केलं आणि डोळे पुसले. आम्ही दर वर्षी रडतो ते हेच पुसणं. मला त्या हसण्याची काहीच आठवण नव्हती.

दुपारी नागेश जे. पी. नगरला घरी जेवायला घेऊन गेला. त्याची आई "स्वल्प भात घे गं" म्हणत वाढत राहिली. मी नागेशला म्हटलं, "लोकांना वाटेल, बाबांनी नाटक केलं."

"तुम्हाला वाटलं का अक्का?"

मला क्षणभर वाटलं होतं. ते मी त्याला सांगितलं. पण खरी भीती आईची होती. तिच्याजवळ बाबांचं रडणं तेवढंच आहे, ते मी कसं खोटं ठरवू? की आईचं नाव पुढे करून मी स्वतःलाच जपत होते? मी म्हटलं, घरी जाऊन कळवते. त्याने तो तुकडा माझ्या फोनवर घालून दिला.

परतीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत होते. घरी पोचल्यावर चहा होईपर्यंतही धीर धरवला नाही.

"आई, बाबांचं ते रडणं दुसऱ्यांदा केलेलं होतं. व्हिडिओवाल्याने करायला लावलं. मूळ कॅसेटवर गाणं नाही, त्यात कळतं."

"मला काय सांगतीस? मी शेजारीच होते की," आई आलं किसत म्हणाली. "सकाळपासनं कोठीत जाऊन जाऊन रडत होते. कॅमेरा आला तोवर संपलं होतं सगळं."

म्हणजे दर वर्षी ती कशावर रडत होती, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी काही विचारणार, तोच तिचा हात थांबला.

"त्यात गाणं नाही म्हणालीस ना? मग आवाज येतोय त्यांचा?"

मी तो तुकडा लावून फोन तिच्या हातात दिला. आईने पडद्याकडे पाहिलंच नाही. हात पदराला पुसले आणि कुणाचा फोन आल्यासारखा तो कानाला लावला. ऐकता ऐकता हसली. मग पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. चहा उतू गेला.

"नागेश परवानगी मागतोय," मी म्हटलं.

"दे की. पण आधी हे माझ्या फोनवर घाल."