वायरीचा ताप

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कोणाच्याही घरी गेले की दिव्याच्या वायरीला उलटा हात लावत. लेकराचा ताप बघतात, तसा. चहा येईपर्यंत दिवा लावून ठेवायला सांगत आणि वायर कोमट लागली तर म्हणत, "हिले ताप आहे गा. बदलवून घे." धरमपेठेत एका नातेवाइकाकडे त्यांनी असं केलं तेव्हा बैठकीतली सगळी माणसं हसली. मामाजी चहा पिऊन उठले आणि जाता जाता पुन्हा हात लावून आले.

ते जन्मभर वायरमन होते. प्रताप नगरच्या आमच्या घरातली वायर त्यांनीच ओढलेली. दुकानात गेले की वायरीचं टोक सोलून आतलं तांबं नखाने खरवडत. दुकानदार वैतागायचा.

"बाबाजी, लाइटच लावायचा आहे ना?"

"लाइटच लावाचा आहे, म्हणून तं पाहून राहिलो. भिंतीत गेली का मंग कोण पाहते तिले?"

दिव्याला उगाच जाड वायरही ते घेत नसत. म्हणत, "होल्डरमंधी सुखानं बसली पाहिजे. कोंबली का ढिली होते, अन् ढिली झाली का तापते."

सासऱ्यांसमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती आणि माझा स्वभावही तसाच. ते काही विचारत, तेव्हा मी दाराआडून बांगड्या वाजवी. वाजल्या तर हो, नाही वाजल्या तर नाही. ते पाहुण्यांना सांगत, "सूनबाईचं बटन दाराच्या मांगं आहे."

मग एका उन्हाळ्यात त्यांनी खाट धरली. हात थरथरू लागले. खाट समोरच्या खोलीत होती आणि तिथे फक्त दिव्याचा पॉइंट. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, नाहीतर मे महिना त्यांना निघायचा नाही. आमचे हे कळमन्याला कामाला. संध्याकाळी येताना कूलर घेऊन आले आणि दिव्याच्याच वायरीला जोडायला लागले.

"हात नको लावू!" मामाजी खाटेवरून ओरडले. "बारीक वायर आहे ते, लाइटीची. अन् अर्थिंग कुठं आहे तिथं? पाण्यानं भरलेला लोखंडी डब्बा आहे गा हा."

"बाबा, साऱ्या गल्लीत असाच चालून राहिला."

"चालू दे गल्लीत."

"मंग गर्मीनं मरता काय?"

"गर्मीनं मी एकटा मरीन. अन् कूलरमंधी पाणी कोण भरते? तू भरते?"

ह्यांनी हातातली वायर सोडून दिली. पाणी मीच भरणार होते.

उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियन मिळत नाही. आमचाही रोज "उद्या येतो" म्हणत राहिला. मामाजी ओला दुपट्टा छातीवर टाकून पडून राहत. दुपट्टा बघता बघता वाळायचा. त्यांचे ओठ फुटले, बोलणं तुटक झालं. शेवटी एका दुपारी मी त्यांची हत्यारांची पिशवी काढून खाटेजवळ ठेवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"मेन बंद केला काय?"

मी बांगड्या वाजवल्या.

स्वयंपाकघरातल्या मोठ्या पॉइंटपासून जाड वायर ओढायची होती. ते सांगत गेले, मी करत गेले. लाल कुठे, काळी कुठे. हिरव्या वायरीपाशी त्यांनी मला थांबवलं. "हे अर्थिंगची. इले पक्की कस. अजून कस." स्क्रू कसताना माझे हात घामाने निसटत होते.

मेन चालू केला. कूलर लागला. बराच वेळ त्यांनी तो तसाच चालू दिला. मग म्हणाले, "आता ताप पाहून घे तिचा."

मी वायरीला उलटा हात लावला. पाहिला म्हणून बांगड्या वाजवल्या, पण कूलरच्या आवाजात त्या ऐकू येईनात.

"काहून बोलत नाही वं? गरम आहे काय?"

"नाही मामाजी," मी म्हटलं. "थंड आहे."

"मंग झोपतो आता," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तो उन्हाळा त्यांना निघाला. गेले ते हिवाळ्यात. तोवर आम्ही दोघं बोलत होतो.